अमॉक्सिसिलिन : कुणाला, कधी, किती

फेब्रुवारी १९४४. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत असलेल्या कस्तुरबा गांधी अखेरच्या आजारात होत्या. हृदय आधीच थकलेले, त्यात छातीत निमोनिया. धाकटे चिरंजीव देवदास यांनी खटपट करून त्या काळचे सर्वांत नवे औषध मिळवले आणि ते कोलकात्याहून विमानाने पुण्याला आले. ते औषध म्हणजे पेनिसिलिन. महायुद्ध चालू होते आणि तयार होणारे बहुतेक पेनिसिलिन लष्कराकडे जात होते. दर काही तासांनी सुई टोचावी लागणार हे कळल्यावर, शेवटच्या घटकांत कस्तुरबांना हा त्रास नको, असे गांधीजींनी मुलाला समजावले. २२ फेब्रुवारीला कस्तुरबा गेल्या. हृदयाची अवस्था पाहता पेनिसिलिनने त्या वाचल्याच असत्या, असे म्हणता येत नाही. पण हे औषध तेव्हा किती दुर्मीळ होते, हे या प्रसंगातून कळते.

दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, पुण्याजवळच पिंपरीला ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स’ची स्थापना झाली. युनिसेफने यंत्रसामग्रीसाठी आणि जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रज्ञानासाठी हात दिला. १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. औषधनिर्मितीतला हा देशाचा पहिला सरकारी कारखाना. याच ठिकाणी डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्या चमूने पुढे हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले. विमानाने आणावे लागणारे औषध मराठी मुलखातच बनू लागले, ही त्या पिढीची मोठी कमाई होती.

आज वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीरच्या बाजारात, शेलूबाजारला किंवा आसेगावला पेनिसिलिनच्या कुळातले औषध मिळवायला काहीच सायास पडत नाहीत. अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल कुठल्याही मेडिकलच्या फळीवर असते. लहान मुलांसाठी कोरडी पावडर भरलेली बाटली असते, पाण्यात विरघळणारी गोळी असते. सरकारी दवाखान्यातही हे औषध ठेवले जाते. औषध गावापर्यंत पोचले. ते कुणाला, कधी आणि किती द्यायचे, ही समज मात्र तेवढ्याच वेगाने पोचलेली नाही.

बुरशीपासून कॅप्सूलपर्यंत

सप्टेंबर १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बशीत बुरशीभोवतीचे जिवाणू विरून गेलेले दिसले. त्या निरीक्षणाचे औषध केले ते ऑक्सफर्डच्या हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना जीवघेण्या जिवाणूंची लागण केली आणि त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले. औषध न मिळालेले चारही उंदीर रात्रीतून मेले, औषध मिळालेले चारही तेव्हा जिवंत होते.

हे मूळचे पेनिसिलिन पोटातल्या आम्लात टिकत नसे, म्हणून सुईवाचून गत्यंतर नव्हते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडच्या बीचम कंपनीतल्या संशोधकांना पेनिसिलिनचा गाभा, म्हणजे ६-एपीए हे रसायन, वेगळा काढता आला. त्याला निरनिराळ्या साखळ्या जोडून नवी औषधे बनवणे शक्य झाले. १९६१ मध्ये ॲम्पिसिलिन आले आणि १९७२ मध्ये अमॉक्सिसिलिन. दोन्हींच्या रचनेत फरक आहे तो एका ऑक्सिजन अणूचा. तेवढ्या फरकाने तोंडावाटे घेतलेले औषध रक्तात कितीतरी चांगले उतरू लागले आणि जेवणाआधी की जेवणानंतर, हा प्रश्नही फारसा उरला नाही.

जिवाणूच्या पेशीभोवती एक कणखर भिंत असते. जिवाणू वाढतो तशी ती सतत बांधली जाते. अमॉक्सिसिलिन हे बांधकाम अडवते. भिंत कच्ची राहते, आतल्या दाबाने जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशींना अशी भिंतच नसल्याने औषधाचा घाव जिवाणूवर बसतो आणि रुग्ण बहुतांशी सुखरूप राहतो. गरोदरपणातही डॉक्टर ज्या थोड्या अँटिबायोटिक्सवर निर्धास्तपणे विसंबतात, त्यांत हे एक आहे.

विषाणूलाही अशी भिंत नसते. त्यामुळे सर्दी, फ्लू, डेंग्यू, चिकुनगुन्या यांवर अमॉक्सिसिलिन काहीच करू शकत नाही. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत घरात ताप आला की मजुरी बुडू नये म्हणून थेट मेडिकल गाठून चार कॅप्सूल आणल्या जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरतो आणि श्रेय कॅप्सूलला मिळते. बहुतेक वेळा तो ताप आपल्या मुदतीने उतरणारच असतो.

जिथे हे औषध खरे उतरते

निमोनियातले त्याचे काम सर्वांत मोलाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पाच वर्षांखालच्या मुलांच्या निमोनियात तोंडाने द्यायचे पहिले औषध अमॉक्सिसिलिनच आहे. मात्रा वजनावर ठरते. किलोमागे ४० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. म्हणजे दहा किलोच्या बाळाला एका वेळी ४०० मिलिग्रॅम. थोरल्या भावाची उरलेली बाटली धाकट्याला ‘एक चमचा’ पाजली, तर हा हिशेब पार कोलमडतो. मात्रा कमी पडली की औषध दिल्याचे समाधान मिळते आणि आजार आत वाढत राहतो.

घशाचा स्ट्रेप्टोकोकस संसर्ग वरवर किरकोळ वाटतो. पण उपचारावाचून राहिल्यास काही मुलांना त्यातून संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. म्हणून या दुखण्यात घसा दोन दिवसांत मोकळा झाला तरी दहा दिवसांचे औषध पुरे करायचे असते. या स्ट्रेप्टोकोकसची एक गोष्ट डॉक्टरांना आजही दिलासा देते. ऐंशी वर्षे पेनिसिलिनचा मारा सोसूनही त्याने पेनिसिलिनला दाद न देण्याची विद्या आत्मसात केलेली नाही.

कानातला पू, दाढेच्या मुळाशी झालेले गळू, जठरातल्या अल्सरला कारण ठरणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी, इथेही अमॉक्सिसिलिन वापरले जाते. हेलिकोबॅक्टरसाठी ते एकटे पुरत नाही, इतर औषधांच्या जोडीने द्यावे लागते. उलट लघवीच्या संसर्गात आढळणारा ई. कोलाय हा जिवाणू भारतात साध्या अमॉक्सिसिलिनला बहुधा जुमानत नाही. तो औषधाचा गाभाच तोडणारे विकर (एन्झाइम) तयार करतो. अशा विकरांना अडवण्यासाठी क्लॅव्हुलॅनिक आम्लाची जोड शोधली गेली आणि १९८१ मध्ये ऑगमेंटिन बाजारात आले. आता या जोडगोळीची नक्कल करणारी असंख्य नावे मिळतात. मात्र साध्या औषधाने भागत असेल तिथे ही जोडी ‘जास्त पॉवरची’ म्हणून मागण्यात शहाणपण नाही. तिने पोट अधिक बिघडते आणि क्वचित यकृताला इजा होऊन कावीळ होते. ही कावीळ औषध संपल्यावर काही आठवड्यांनीही दिसू शकते आणि तिचा धोका वयस्कर पुरुषांत अधिक असतो.

ॲलर्जीची नोंद

सुरक्षित औषधालाही धोक्याची एक बाजू असते. अमॉक्सिसिलिनने जुलाब, मळमळ होणे नेहमीचे. मूत्रपिंड अधू असेल तर मात्रा घटवावी लागते. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट किंवा रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन चालू असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगितलेच पाहिजे.

खरी भीती असते ती ॲलर्जीची. औषध घेतल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात अंगभर पित्त उठणे, ओठ-जीभ सुजणे, श्वास कोंडणे, रक्तदाब कोसळून शुद्ध हरपणे, ही तिची तीव्र रूपे. हा प्रकार फार विरळा, पण घडला तर मिनिटे मोजायची वेळ येते. त्यावरचा पहिला उपचार म्हणजे मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन. घरी लिंबू-पाणी पाजत न थांबता १०८ला फोन करणे आणि जवळचा दवाखाना गाठणे हेच योग्य. पेनिसिलिनचे इंजेक्शन देण्याआधी आपल्याकडे त्वचेत थोडे औषध टोचून चाचणी घेतात. ती उपयोगी असली तरी पक्की हमी देत नाही. म्हणूनच इंजेक्शन घेतल्यावर लगेच एसटी पकडायला न धावता अर्धा तास दवाखान्यात बसून राहणे हिताचे.

याच्या दुसऱ्या टोकालाही एक चूक होते. औषध सुरू केल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी अंगावर बारीक लाल पुरळ येते आणि ‘याला पेनिसिलिन चालत नाही’ असा शिक्का जन्मभरासाठी बसतो. मुलांमध्ये असे पुरळ पुष्कळदा मूळच्या विषाणूमुळे उठलेले असते. अमेरिकेतल्या अभ्यासांत साधारण दहा टक्के लोक स्वतःला पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचे सांगतात. तपासणी केल्यावर त्यांतल्या दहापैकी नऊजणांना ती नसते. हा चुकीचा शिक्का महागात पडतो. साधे, स्वस्त औषध हातचे जाते आणि रुग्णाला अधिक जहाल औषध घ्यावे लागते. त्यामुळे कुठल्या औषधाने, कधी, नेमके काय झाले, हे लिहून घेऊन घरातल्या कागदांत जपावे आणि डॉक्टरांना दाखवावे. पुरळ कशामुळे आले याचा निवाडा घरच्यांनी करू नये.

ज्याला खरोखर ॲलर्जी आहे, त्याने बाजारातल्या नावांपासून सावध राहायला हवे. मॉक्स, नोव्हामॉक्स, ऑगमेंटिन अशा निरनिराळ्या पाकिटांत औषध तेच असते. पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेला ‘अमॉक्सिसिलिन’ हा शब्द शोधायचा. नाव बदलले म्हणजे औषध बदलले असे समजून जीव धोक्यात घालायचा नाही.

बाटली, पाणी आणि लाल रेघ

मुलांच्या बाटलीत कोरडी पावडर असते. ती आधी हलवून मोकळी करायची, मग उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत दोन टप्प्यांत घालायचे आणि दर वेळी खळखळून हलवायचे. पाणी जास्त झाले तर प्रत्येक चमचा पातळ होतो. मोजायला घरातला चमचा न घेता बाटलीसोबतचे माप किंवा पिचकारी वापरायची. भिजवलेले औषध साधारणपणे आठवडाभरच टिकते. पाकिटावर लिहिलेली मुदत अखेरची मानायची. वऱ्हाडात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा पत्र्याखालच्या घरात ठेवलेली बाटली लवकर निकामी होते. फ्रिज नसेल तर पाण्यात विरघळणाऱ्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारता येते. ती पाजण्याच्या वेळीच चमचाभर पाण्यात विरघळवता येते.

पाकिटावर उभी लाल रेघ दिसली की ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घ्यायचे नाही, ही मोहीम केंद्र सरकारने २०१६ मध्ये हाती घेतली. अमॉक्सिसिलिन कायद्याच्या ‘एच’ अनुसूचीत आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय त्याची विक्री होऊ नये. या नियमामागची काळजी फार जुनी आहे. डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना फ्लेमिंग यांनी एका काल्पनिक माणसाची हकिगत सांगितली होती. त्याचा घसा दुखतो, तो स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो, अपुरे घेतो आणि औषधाला सरावलेले जिवाणू बायकोला देतो. तिला निमोनिया होतो. औषध चालत नाही आणि ती दगावते. पेनिसिलिन अजून जगभर पोचलेही नव्हते, तेव्हाचा हा इशारा आहे. जागतिक अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे थेट सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून अँटिबायोटिक्सची तीन गटांत वर्गवारी केली आहे. आधी वापरायची, जपून वापरायची आणि अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवायची. अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात येते. गरज असेल तिथे ते टाळून तिखट औषधाकडे वळणे आणि गरज नसताना ते घेणे, या दोन्हींतून औषधांची धार जाते.

थंडीतली मोजणी

औषधाच्या जोडीला साधी समज दिली तर काय घडते, हे विदर्भानेच दाखवले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस गावातल्याच कार्यकर्त्यांना बाळाचा निमोनिया ओळखून तोंडाने अँटिबायोटिक द्यायला शिकवले. तेव्हाचे औषध को-ट्रायमोक्साझोल होते. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांचे निमोनियामुळे होणारे मृत्यू तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा ५४ टक्के कमी होते. घरात जाऊन श्वास मोजणाऱ्या बाईचे हे यश होते.

वाशीम हा नीती आयोगाच्या २०१८ च्या यादीतला आकांक्षित जिल्हा आहे. तिथल्या आशाताईंकडेही आता तेच काम आहे. निमोनियाविरोधातली ‘सांस’ मोहीम २०१९ मध्ये सुरू झाली आणि ती दरवर्षी १२ नोव्हेंबरला, दिवाळीच्या आगेमागे, सुरू होऊन फेब्रुवारीअखेर चालते. निमोनियाची लक्षणे दिसली तर आशाने अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊन मुलाला दवाखान्याकडे पाठवावे, अशी या मोहिमेत तरतूद आहे. न्यूमोकोकस जिवाणूची लसही २०२१ पासून देशभर मोफत मिळते.

श्वास मोजणे आईवडिलांनाही जमते. बाळ शांत असताना अंगावरचा कपडा वर करून पूर्ण एक मिनिट छाती-पोटाची हालचाल मोजायची. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास भरले तर त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल, निपचित पडले असेल किंवा झटके येत असतील, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता निघायचे. आशाताईंचा आणि १०८चा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवायचा. मंगरूळपीर तालुक्यात थंडी सुरू होण्याआधीच.