गोळी कशी निवडतात? (आणि पाच गोळ्यांवर विश्वास का ठेवू नये)

1 ऑगस्ट 2024 ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं. कांबळवाडी आमच्या मुरगूडपासून फार लांब नाही, त्यामुळं त्यानंतर इकडं रायफलीबद्दल पुष्कळ चर्चा झाली. कुठली रायफल, कितीची, कुठं मिळते... गोळीबद्दल मात्र फारसं कुणी विचारलं नाही. मला स्वतःला रायफलीपेक्षा गोळीचा प्रश्न जास्त रंजक वाटतो, कारण त्यात भौतिकशास्त्र आहे आणि संख्याशास्त्राचा एक सापळापण आहे.

आधी शब्द नीट करून घेऊ. आपण ज्याला सरसकट 'गोळी' म्हणतो ते असतं काडतूस: पितळेची पुंगळी, आत दारू आणि तोंडाशी शिशाची खरी गोळी. अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचे स्पर्धक रिकामी पुंगळी परत भरून वापरतात. त्यामुळं गोळीचं वजन, आकार सगळं त्यांच्या हातात असतं. कागदाच्या लक्ष्यासाठी ते बऱ्याचदा पुढून सपाट असलेली 'वॉडकटर' गोळी घेतात. गोल नाकाची गोळी कागद फाडत जाते, सपाट गोळी पंचिंग मशीनसारखं स्वच्छ भोक पाडते. भोकाची कड रेषेला शिवली की नाही यावर गुण ठरत असेल, तर हा फरक लहान नाही.

आपल्याकडं काडतूस बनवायला 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, तेव्हा घरी भरणं हा विषयच नाही. तसंही 50 मीटर रायफल किंवा राही सरनोबतचं 25 मीटर पिस्तूल यात पॉइंट टू-टू काडतूस चालतं. त्याचा पेटणारा मसाला पुंगळीच्या काठात भरलेला असतो आणि घोडा पडला की तो काठच चेपतो. म्हणजे पुन्हा भरायचा प्रश्न मिटला. उरते फक्त निवड.

पहिली निवड वेगाची. ही गोळी जेमतेम 2.6 ग्रॅमची. स्पर्धेचं काडतूस तिला सेकंदाला सुमारे 325 मीटर वेग देतं. 20 अंश तापमानाला आवाजाचा वेग 343 मीटर असतो, म्हणजे मुद्दामच त्याच्या खाली. 'जास्त वेगाची घ्या की, वारा लागायला वेळच मिळणार नाही,' असं कुणालाही वाटेल. पण होतं उलटं! वाऱ्यानं गोळी किती सरकते हे एकूण वेळेवर नाही, तर हवेच्या अडथळ्यामुळं तिला किती उशीर झाला यावर ठरतं. आवाजाच्या वेगाच्या आसपास अडथळा एकदम वाढतो. त्यामुळं त्याच वजनाची वेगवान गोळी वाऱ्यानं जास्त वाहवते.

दुसरी गोष्ट सारखेपणाची, आणि खरी मेख इथंच आहे. 50 मीटर जायला गोळीला साधारण 0.16 सेकंद लागतात, तेवढ्यात ती सुमारे साडेबारा सेंटिमीटर खाली येते. रायफलीची दुर्बीण (म्हणजे डायॉप्टर, खरं तर भिंग नसतंच त्यात) तेवढं भरून काढते. पण एखादं काडतूस 325 ऐवजी 320 मीटरनं सुटलं तर? घसरण तीन टक्क्यांनी वाढते, म्हणजे जवळपास 4 मिलिमीटर. या लक्ष्यावर एक गुण म्हणजे 8 मिलिमीटर. अंतिम फेरीत दशांशात गुण मोजतात, तिथं अर्धा गुण गेला, आणि नेमबाजाची चूक काहीच नाही! स्वप्नीलचे 44 गोळ्यांत 451.4 गुण होते, म्हणजे सरासरी जवळपास 10.26. तिथं अर्ध्या गुणाची किंमत काय ते कळेल.

म्हणून नेमबाज 'लॉट' तपासतात. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं काडतूस, पण वेगवेगळ्या वेळी बनलेलं. प्रत्येक नळीला वेगळा लॉट मानवतो. रायफल शिकंज्यात पक्की बसवायची, प्रत्येक लॉटच्या गोळ्या मारायच्या, भोकांचा पुंजका मोजायचा आणि आवडलेला लॉट पेटीनं उचलायचा. हे महागडं आयात काडतूस, त्यामुळं पालकांच्या पैशाचा मोठा भाग इथं जातो.

आता सापळा. समजा दहा लॉट आहेत आणि ते *हुबेहूब सारखे* आहेत. प्रत्येकाच्या पाच गोळ्या मारल्या आणि सर्वात लांबच्या दोन भोकांतलं अंतर मोजलं. सरासरी 20 मिलिमीटर धरू. हे माप फार चंचल असतं, नुसत्या योगायोगानं ते पाव हिश्शानं सहज इकडंतिकडं होतं. म्हणजे दहापैकी सर्वात लहान पुंजका 13 च्या आसपास आणि सर्वात मोठा 28 च्या आसपास येणार, लॉटमध्ये काडीचाही फरक नसताना. आपण 13 वाला 'जबरदस्त लॉट' म्हणून घरी आणणार आणि पुढच्या आठवड्यात तो परत 20 देणार. मग दोष कुणाला? बहुतेक वेळा पोराला.

उपाय अवघड नाही. पाचऐवजी निदान वीस-तीस गोळ्या मारा. दोनच भोकांतलं अंतर न घेता प्रत्येक भोकाचं पुंजक्याच्या मध्यापासूनचं अंतर काढून सरासरी घ्या, म्हणजे प्रत्येक गोळीची माहिती वापरली जाते. आणि पहिल्या फेरीतले तीन-चार चांगले लॉट दुसऱ्या दिवशी नव्यानं तपासा, पहिल्या दिवसाचे आकडे त्यात न मिसळता. मिसळले तर पहिल्या दिवसाचं नशीबही सोबत येतं.