वजन घटवायचे, पण कोणाच्या वाटेने?

उदगीर शहरातून नळेगाव, देगलूर आणि बिदरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पहाटे चालायला निघालेली माणसे आता नवलाची राहिलेली नाहीत. मोंढ्यातील आडते, शिक्षक, निवृत्त कर्मचारी आणि गृहिणी असा सारा मेळा त्यात असतो. चालता चालता होणारी चर्चाही ठरलेली असते. दिवसातून दोनदाच जेवावे, की दर दोन तासांनी थोडे थोडे खावे? भात सोडावा, की पोळी? एकाचे वजन तीन महिन्यांत लक्षणीय उतरलेले असते, तर नेमकी तीच पद्धत अवलंबणाऱ्या दुसऱ्याचे उतरलेले वजन दिवाळीनंतर पुन्हा चढलेले असते. मग 'पद्धत खोटी' किंवा 'माणूस आळशी' यांपैकी एक निष्कर्ष काढून चर्चा संपते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतात.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष अतिवजनाच्या किंवा लठ्ठपणाच्या गटात मोडतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासाने मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर, तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या १३ कोटींच्या वर असल्याचे नोंदविले. त्यामुळे वजन घटविण्याची वाट चुकली, तर त्याची किंमत पुढे डोळे, मूत्रपिंडे आणि हृदय यांना मोजावी लागू शकते.

दोन वाटा, दोन्ही मराठी

दोन वेळा जेवण्याची जी पद्धत आज घरोघरी ठाऊक आहे, तिचा प्रसार उदगीरकरांच्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून, म्हणजे लातूरहून झाला. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करीत असताना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) यांच्या व्याख्यानांतील विचार प्रथम स्वतःवर आजमावला आणि नंतर तो लोकांपुढे मांडला. कडकडून भूक लागण्याच्या आपल्या दोन वेळा ओळखाव्यात, त्याच वेळी जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावे, मधल्या वेळात पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा यांपलीकडे जाऊ नये आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, असे तिचे स्वरूप आहे. वारंवार खाण्याने इन्सुलिन वारंवार स्रवते व साठलेली चरबी वापरली जात नाही, हा त्यामागील युक्तिवाद. २०१८ मध्ये राज्य शासनाने लठ्ठपणाविरोधी मोहिमेसाठी डॉ. दीक्षित यांची सदिच्छादूत म्हणून निवड केली.

याच्या नेमकी उलट वाटणारी दुसरी वाट मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांची. त्यांचे पहिले पुस्तक २००९ मध्ये आले आणि देशभर वाचले गेले. दिवसाची सुरुवात चहाने करू नये, दर दोन तासांनी थोडे थोडे खावे, रात्रीचे जेवण लवकर आटोपावे, असा सल्ला त्यांनी दिला. आपल्या भागात पिकणारे, आजीच्या स्वयंपाकघरात शिजणारे अन्न सोडून परदेशी पदार्थांच्या मागे लागू नये, यावरही त्यांचा भर राहिला.

'दीक्षित की दिवेकर' हा वाद महाराष्ट्रात निवडणुकीच्या चुरशीने रंगला. पण दोन्ही सल्ले शेजारी ठेवले, तर मतभेदाइतकेच साम्यही दिसते. साखर व तळण कमी, येता-जाता तोंडात टाकणे बंद, खाण्याला वेळ ठरलेली आणि शरीराला रोज हालचाल. आणि मुख्य म्हणजे, दोन वेळांच्या पद्धतीचीही पहिली पायरी 'आपली भूक केव्हा लागते ते शोधा' अशी आहे. म्हणजे सर्वांसाठी सांगितलेल्या नियमाचा आरंभही प्रत्येकाच्या स्वतःच्या निरीक्षणानेच होतो.

प्रयोगांचा कौल

कोणता आहार श्रेष्ठ, याची परीक्षा शास्त्रज्ञांनी अनेकदा घेतली आहे. २००५ मध्ये अमेरिकेत १६० जणांना चार वेगवेगळ्या लोकप्रिय आहारपद्धतींत विभागून वर्षभर पाहण्यात आले. घट कोणत्या पद्धतीत अधिक, यापेक्षा ती पद्धत कोणी किती निष्ठेने पाळली, यावर ती अवलंबून असल्याचे आढळले. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ६०९ जणांवरील प्रयोगात एका गटाने स्निग्ध पदार्थ कमी केले, तर दुसऱ्याने कर्बोदके. वर्षअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोने, तर दुसऱ्याचे ६ किलोने घटले. हा फरक नगण्य होता. परंतु प्रत्येक गटाच्या आत मात्र कोणाचे सुमारे ३० किलो उतरले होते आणि कोणाचे १० किलोपर्यंत वाढलेही होते. कोणाला कोणता आहार मानवेल, हे जनुकांवरून किंवा इन्सुलिनच्या प्रमाणावरून आधी सांगता येते का, हेही याच प्रयोगात तपासले गेले. ते सांगता आले नाही.

जेवणाच्या वेळांबाबतही असेच. चीनमध्ये १३९ लठ्ठ व्यक्तींवर झालेला एक प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना सारखेच कमी उष्मांक देण्यात आले. एकाने ते आठ तासांच्या आत घेतले, तर दुसऱ्याने दिवसभरात. वर्षानंतर दोहोंच्या घटीत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. याचा अर्थ उपाशी राहण्याचा काळ निरुपयोगी आहे असा नव्हे. ज्याला वेळेचे बंधन पाळणे सोपे जाते, त्याचे एकूण खाणे त्या बंधनाने आपोआप कमी होते. ज्याला भुकेने डोके धरते आणि जो मग ताटावर तुटून पडतो, त्याचे खाणे त्याच बंधनाने वाढते. पद्धत एकच, पण परिणाम परस्परविरुद्ध.

शरीरही हिशेब ठेवते

अतिशय झपाट्याने वजन उतरविणाऱ्यांचे पुढे काय होते, हेही पाहिले गेले आहे. अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांचा सहा वर्षांनंतरचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो घटविले होते; त्यातील सुमारे ४१ किलो परत आले. शिवाय विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० उष्मांक कमी खर्च करीत होते. अन्नटंचाई आली असे समजून शरीराने आपला खर्च आवरता घेतला होता. उतरलेले वजन परत चढणे हा केवळ मनोबलाचा पराभव नसतो, तो शरीराचा स्वभाव असतो. म्हणूनच तीन महिने रेटता येणाऱ्या कठोर पथ्यापेक्षा तीन वर्षे निभावता येणारा सौम्य बदल मोलाचा ठरतो.

वजन घटविणाऱ्या नव्या इंजेक्शनांबाबतही हीच गोष्ट दिसते. सेमाग्लुटाइड हे औषध थांबविल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचे आढळले आहे. काही रुग्णांना वैद्यकीय देखरेखीखाली या औषधांचा निश्चित लाभ होतो. परंतु रोजच्या राहणीची जागा ती घेऊ शकत नाहीत.

काटा सगळे सांगत नाही

वजनकाट्याचा आकडा हेच एकमेव माप मानणेही फसवे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापले गेले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३ होता. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के भरली. भारतीय माणूस बाहेरून सडपातळ दिसला तरी आतून मेद बाळगून असू शकतो, हे त्या एका छायाचित्राने जगापुढे आणले. म्हणूनच भारतीयांसाठी निर्देशांकाची सावधानतेची मर्यादा २३ मानली जाते. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ओलांडू लागला, की काट्याकडे न पाहताही सावध व्हावे.

उलट बाजूही दिलासा देणारी आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार व चालणे यांतील बदलाने मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. आणि तोही वजनात विशेष घट न होता. काटा हलला नाही म्हणून चालणे सोडून देणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे.

उदगीरचे ताट

आपली वाट शोधताना पहिला विचार आपल्या ताटाचा. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी हे या भागाचे जेवण मुळात उत्तम आहे. पण भाकरी म्हणजे वजन घटविण्याचे औषध नव्हे. १०० ग्रॅम ज्वारीत आणि तितक्याच गव्हाच्या पिठात उष्मांक जवळजवळ सारखे, सुमारे ३४० असतात. ६० ग्रॅम पिठाची एक मोठी भाकरी २०० उष्मांकांची होते. भाकरीला तेल लागत नाही आणि ती चावून खावी लागते, हे तिचे खरे गुण. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत १७० उष्मांक असतात. त्यामुळे चटणी चमच्यानेच घेतलेली बरी. तुरीची मोठी उलाढाल होणाऱ्या या गावातही अनेक ताटांतील वरण पाण्यासारखे असते. ते घट्ट केले, तर प्रथिने वाढतात आणि पोट अधिक काळ भरलेले राहते.

दुसरा विचार आपल्या दिवसाचा. मोंढ्यातील व्यापाऱ्याकडे दिवसभरात येणाऱ्या प्रत्येकाबरोबर चहा होतो. दोन चमचे साखरेचे पाच कप चहा म्हणजे केवळ साखरेचे २०० उष्मांक. पाऊण तास झपझप चालून साधारण तेवढेच खर्च होतात. अशा माणसाला दोन जेवणांमध्ये काहीच न घेण्याचा नियम मानवू शकतो, कारण त्याचे खरे जादा खाणे कपातच असते. पहाटे शाळा गाठणाऱ्या आणि तीन वाजता घरी परतणाऱ्या शिक्षिकेला मात्र तोच नियम जाचक ठरू शकतो. तिने डब्यात उसळ नेणे आणि रात्रीचे जेवण लवकर, हलके ठेवणे अधिक सोयीचे. सर्वांना वाढून शेवटी जेवणारी, उरलेले वाया जाऊ नये म्हणून तेही संपविणारी गृहिणी स्वतःसाठी वेगळा स्वयंपाक करीत नाही. तिची वाट घरच्या भांड्यातूनच जावी लागते. भाजीच्या फोडणीतले तेल घरासाठीच कमी करणे, उरेल एवढे न रांधणे आणि तिला चालायला निघता यावे म्हणून सकाळचे एक काम घरातील दुसऱ्याने उचलणे, हेच तिचे पथ्य.

शोध कसा घ्यावा

आरंभी आठ दिवस काहीही न बदलता केवळ नोंद करावी. काय खाल्ले, किती वाजता, भूक होती की सवय, हे वहीत उतरले की जादा खाण्याची जागा बहुधा आपोआप दिसते. त्यानंतर एकच बदल निवडावा आणि तो आठ ते बारा आठवडे पाळावा. वजन आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी करावे. कमरेचा घेर महिन्यातून एकदा मोजावा. लक्ष्य माफक असावे. ८० किलोच्या व्यक्तीने ४ ते ६ किलो घटविले तरी रक्तशर्करा व रक्तदाब यांवर अनुकूल परिणाम होऊ शकतो. अमेरिकेतील २००२ च्या मोठ्या अभ्यासात वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम एवढे लक्ष्य ठेवूनच मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला होता. ठरविलेल्या मुदतीत फरक पडला नाही, किंवा चिडचिड, अशक्तपणा, निद्रानाश वाढला, तर ती पद्धत आपली नव्हे असे समजून दुसरी घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

काहींनी मात्र स्वतःच्या मनाने प्रयोग करू नयेत. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींची साखर जेवणाची वेळ टळल्यास धोकादायकरीत्या घसरू शकते. रमजानच्या रोजांपूर्वी असे रुग्ण डॉक्टरांकडून औषधांच्या वेळा व मात्रा बदलून घेतात. दोन वेळांच्या जेवणापूर्वीही तीच दक्षता हवी. गर्भवती व स्तनदा माता, १८ वर्षांखालील मुले, पहिल्या प्रकारचा मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले, यांनी वैद्यकीय सल्ल्याविना आहार तोडू नये. विनाकारण वाढणाऱ्या किंवा घटणाऱ्या वजनामागे थायरॉइडसारखे कारण असू शकते. ते आधी तपासून घ्यावे.

पहाटेच्या रस्त्यावर शेजारच्याचा अनुभव जरूर ऐकावा. त्याने काय सोडले हे विचारण्याबरोबरच, ते त्याला किती वर्षे निभावता आले, हेही विचारावे. आपला दिवस, आपले ताट आणि आपली भूक त्याच्याहून निराळी असेल, तर आपले पथ्यही निराळे असणार, हे मान्य करूनच पुढचे पाऊल टाकावे.