पानिपत आणि धुव्वा

निवडणुकीचे निकाल लागले की वृत्तपत्रांच्या लेखणीला युद्धज्वर चढतो. चार जागा घटल्या की पक्षाचा 'धुव्वा उडतो', आठ घटल्या की थेट 'पानिपत' होते. मथळा ठसठशीत दिसतो हे खरे. परंतु हे दोन शब्द एका मापाचे नव्हेत.

'धुव्वा' हा जेत्याचा शब्द. अमक्याने तमक्याचा धुव्वा उडविला, असे आपण म्हणतो. त्यात उडविणारा डोळ्यांसमोर असतो आणि त्याचा जल्लोषही ऐकू येतो. फुटबॉलच्या मैदानावर तो शोभतो. 'पानिपत' मात्र नुसते 'होते'. 14 जानेवारी 1761 रोजी अहमदशहा अब्दालीने मराठ्यांचा जो पराभव केला त्यातून हा शब्द आला, पण या वाक्प्रचारात अब्दालीला जागाच नाही. आहे ती केवळ आपल्या घरची हानी. त्या वार्तेच्या सुप्रसिद्ध सांकेतिक निरोपात विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ हे मोती ठरले, आणि अगणित सामान्य माणसे खुर्दा, म्हणजे चिल्लर! इंग्रजांपाशी वॉटर्लू आहे. पण ते जिंकणाऱ्यांनी दुसऱ्याच्या पराजयाला दिलेले नाव. स्वतःच्या पराभवाचे गाव रोजच्या बोलण्यात वागविणारी आमची मराठी या बाबतीत निराळी आहे, आणि म्हणूनच हा शब्द स्वस्त होऊ नये असे आम्हांस वाटते.

शिवाय पानिपत म्हणजे शेवट, हा अर्थ इतिहासाला मान्य नाही. दहाच वर्षांनी, 1771 मध्ये, महादजी शिंद्यांच्या काळात मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या. आमच्या गोव्यातही 1980 साली सोळा वर्षे सत्ता भोगलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला तिसांच्या सभागृहात अवघ्या 7 जागा मिळाल्या. 'पानिपत' म्हणण्याचा मोह कोणालाही व्हावा अशी ती स्थिती. तोच पक्ष 1989 मध्ये चाळिसांपैकी 18 जागा घेऊन सत्तेच्या उंबरठ्याशी आला.

उमेदवाराच्या दारुण पराभवाला तर कायद्यानेच माप ठरवून दिले आहे. वैध मतांचा सहावा हिस्साही न मिळविणाऱ्याची अनामत जप्त होते. तेथे 'अनामत जप्त' एवढे दोन शब्द पुरतात; त्यासाठी अब्दालीला यमुनेपार आणण्याचे कारण नाही.