व्हॉल्व्ह, वॅट आणि स्वच्छ सूर

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात एक भावगीत सादर झाले, त्याला गिटारची साथ माझी होती. ज्यांना तो प्रसंग आठवत नसेल त्यांची मी ऋणी आहे. पहिल्या कडव्यापर्यंत सारे ठीक चालले होते. मग ड्रमसेट सुरू झाला, गिटार कुणालाच ऐकू येईना, म्हणून मी अँप्लिफायरचे बटण पुढे फिरवले. आणि एकेक तार सुटी ऐकू यावी असे जे नाजूक काम होते, त्याचे पत्र्यावर वाळू ओतल्यासारखे झाले. आवाज मोठा झाला नाही, फाटला. गाणाऱ्या मैत्रिणीने डोळे मिटून घेतले. श्रोत्यांना वाटले, ती गाण्यात रंगली आहे.

तो अँप्लिफायर पाच वॅटचा, व्हॉल्व्हचा होता. शिष्यवृत्तीतून शिल्लक टाकलेले पैसे आणि वर आईकडून घेतलेली उसनवारी (जी अजून फिटलेली नाही) एवढे त्यात गेले होते. ‘व्हॉल्व्हची सर कशाला नाही’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले होते, की व्हॉल्व्हचा नेमका कोणता आवाज आपल्याला हवा आहे, हे विचारायचे राहूनच गेले. आपल्या महाविद्यालयात गिटार वाजवणारे आणखी चारसहा जण तरी आहेत. त्यांनी तो प्रश्न पैसे मोजण्यापूर्वी विचारावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

घरात जुना रेडिओ असेल तर व्हॉल्व्ह आपण पाहिलेला असतो. काचेची नळी, आतली हवा काढून टाकलेली, आणि मध्ये निखाऱ्यासारखी लाल झालेली तार. बटण दाबल्यावर रेडिओ अर्धा मिनिट गप्प का राहायचा, याचे उत्तर त्या तारेत आहे. ती तापली की तिच्या सान्निध्यातल्या पट्टीतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरच्या धन विद्युतभाराच्या पत्र्याकडे धावतात. वाटेत एक जाळी असते. गिटारच्या तारेतून आलेला क्षीण विद्युतसंदेश त्या जाळीवर सोडायचा. शेताच्या पाटाला दार असते ना, ते बोटभर वरखाली केले की पाण्याचा लोंढा कमीजास्त होतो, तसेच हे. दार हलवायला जोर लागत नाही, पण वाहते ते पुष्कळ.

आता ते दार पूर्ण उघडले, तर त्याहून अधिक पाणी येणार कोठून? आणि पूर्ण मिटले, तर त्याहून कमी काय होणार? ध्वनीची लाट या दोन मर्यादांच्या पलीकडे गेली की तिचा माथा छाटला जातो. फाटलेला आवाज म्हणजे हा छाटलेला माथा. ट्रान्झिस्टर बहुधा तो सुरीने कापल्यासारखा सपाट कापतो, व्हॉल्व्ह किंचित गोलवा ठेवून. तो गोलवा पाश्चात्त्य वादकांना आवडला आणि व्हॉल्व्हची कीर्ती झाली. म्हणजे गंमत अशी, की जी कीर्ती ऐकून मी पैसे मोजले ती पुष्कळशी सुंदर फाटण्याची कीर्ती होती, आणि मला हवा होता न फाटणारा आवाज!

न फाटण्यासाठी डोक्यावर मोकळी जागा लागते. १९६३ साली अमेरिकेतल्या फेंडर कंपनीने ट्विन रिव्हर्ब नावाचा अँप्लिफायर काढला, तो ८५ वॅटचा. स्वच्छ आवाजाचे नाव निघाले की आजही आधी तोच आठवतो. पण त्याचे वजन तीस किलोच्या घरात, आणि किंमत आपल्यासारख्यांनी विचारू नये अशी.

मग मधला मार्ग कोणता? इथे आमच्या गल्लीतले रेडिओ दुरुस्त करणारे काका उपयोगी पडले. मी त्यांना म्हटले, “काका, पाचाऐवजी चाळीस वॅटचा घेतला तर आवाज आठपट होईल ना?” ते हसले. “अगं, कान काय वाण्याचा तराजू आहे? दुप्पटसुद्धा धड होणार नाही.” घरी येऊन हिशेब मांडला. वॅट दुप्पट झाले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. पाचावरून चाळीसवर गेले तर वाढ ९ डेसिबलची. काका बरोबर होते.

त्यांनीच पुढे विचारले, “स्पीकर कोणता आहे ते पाहिलंस?” मी पाहिले नव्हते. दुकानात सगळे वॅट विचारतात, स्पीकर कुणी विचारत नाही. एकच वॅट देऊन एक मीटरवरून मोजले, तर एखादा स्पीकर ९७ डेसिबल देतो, दुसरा १००. म्हणजे नुसता स्पीकर बदलला तर पंधरा वॅटच्या यंत्राला तीस वॅटचे बळ येते, एकही व्हॉल्व्ह न वाढवता. माझ्या यंत्रात आठ इंची, आकाराने आणि कर्तबगारीनेही लहान असा स्पीकर निघाला. वॅटमागे धावण्यापूर्वी हा आकडा विचारावा, हे मी खर्चाने शिकले.

तेव्हा आज घ्यायचा झाल्यास मी पंधरा ते बावीस वॅटचा, बारा इंची स्पीकरचा, शक्यतो वापरलेला घेईन. फेंडरचा ब्लूज ज्युनियर पंधरा वॅटचा आहे, त्यात ईएल-८४ जातीचे दोन व्हॉल्व्ह असतात. डिलक्स रिव्हर्बमध्ये ६व्ही६ जातीचे दोन, बावीस वॅट. रोज ड्रमबरोबर वाजवायचे असेल तर ६एल६ जातीचे दोन व्हॉल्व्ह असलेला चाळीस वॅटचा बरा. पण तो रिक्षातून नेताना माझी आठवण काढावी. सुरुवातीच्या टप्प्यातला १२एएक्स७ काढून त्याच खोबणीत १२एवाय७ बसवण्याचीही युक्ती आहे. पहिल्याचा वर्धनांक शंभर, दुसऱ्याचा पंचेचाळीसच्या आसपास. त्याने वॅट वाढत नाहीत, फक्त बटण अधिक पुढे नेता येते आणि सुरुवातीलाच होणारी फाटाफूट टळते.

अमेरिकेतल्या मामाकडून यंत्र मागवण्याचा मोह पुष्कळांना होतो. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. ते सरळ आपल्या भिंतीत खुपसले तर मामाचे प्रेम धुरात जाईल. शिवाय स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचे यंत्र कधी वाजवू नये, आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि मागची फळी उघडून आत बोट घालू नये. तिथे तीनचारशे व्होल्ट असतात, बटण बंद केल्यावरही काही काळ दबा धरून बसलेले.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. निव्वळ स्वच्छ आवाजच हवा असेल तर व्हॉल्व्हचा हट्ट कशाला? रोलँडचा जेसी-१२० हा १९७५ पासूनचा ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर याच गुणासाठी नावाजलेला आहे. मी तो एकदा वाजवून पाहिला. आवाज आरशासारखा लख्ख. पण बोटाचा जोर वाढवला तरी तो तसाच लख्ख. व्हॉल्व्ह जोराच्या आघाताला किंचित दबतो, हळू छेडले की पुन्हा मोकळा होतो. ही आवड झाली. तिची किंमत मोजायची का, ते ज्याचे त्याने ठरवावे.

माझ्याजवळ तूर्त किंमत मोजायला काही नाही. म्हणून यंदाच्या तालमीत पाच वॅटचाच खुर्चीवर, कानाच्या दिशेने कलता ठेवला, बटण निम्म्याच्याही खाली, आणि गायनाचा साधा माईक स्पीकरच्या जाळीपासून तीन बोटांवर, मध्यापासून थोडा बाजूला. सभागृहभर आवाज पोहोचवण्याचे काम सभागृहाच्या कर्ण्यांनी केले. ड्रम सुरू झाले तरी सहाही तारा सुट्या ऐकू आल्या. मैत्रीण डोळे उघडे ठेवून गायली.

फक्त ध्वनिक्षेपकवाले त्या माईकचे भाडे वेगळे घेतात. सांस्कृतिक मंडळाकडे एका जादा माईकसाठी अर्ज दिला आहे. मंजुरी अजून आलेली नाही.