बेत मासळी पाहून ठरवावा

बोईसर स्थानकावर उतरून, औद्योगिक वसाहतीतल्या धुराड्यांची रांग मागे टाकून पश्चिमेकडे निघाले, की ज्या किनाऱ्यावर 1969 साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, त्याच किनाऱ्यावर, त्या केंद्राला अगदी खेटून, घिवली हे मच्छीमारांचे गाव लागते. आणि एवढ्या अद्ययावत यंत्रसामग्रीच्या शेजारात राहूनही या गावची मासळी घड्याळापेक्षा तिथीचाच हुकूम अधिक मानते, हे नवख्या गिऱ्हाइकाच्या ध्यानात यायला काही काळ जावा लागतो. या पट्ट्यात डोल जाळ्यांचा अंमल मोठा. समुद्रात बांधून ठेवलेले हे पिशवीसारखे जाळे मासळीच्या मागे धावत नाही. भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडून ते उभे राहते आणि प्रवाह जे आणून देईल ते पदरात घेते. म्हणून पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असले, पाण्याला जोर असला, की बोंबील, मांदेली, करंदी, जवळा यांची रेलचेल होते आणि अष्टमीच्या आसपास भांग लागला, की पाणी मंदावते, टोपल्या हलक्या होतात व भाव चढतो. भांगाच्या दिवशी चढ्या भावावरून मासळीवालीशी कज्जा करणारा गृहस्थ वास्तविक चंद्राशी भांडत असतो, पण ते त्याला सांगणार कोण?

टोपलीपुढे बसल्यावर मात्र तिथीचा संबंध संपतो आणि ज्याला पंचनामाच म्हणावे असे काम सुरू होते. कल्ला उचलून पाहायचा: आत ओला, तजेलदार लाल रंग असेल तर ठीक, तो विटकरी किंवा करडा पडला असेल, तर बाकीची जबानी न घेताच पुढे जावे. डोळा फुगीर व पारदर्शक हवा. खोल गेलेला, दुधाळ झालेला डोळा मासळी बोटीवर किंवा टोपलीत फार वेळ राहिल्याचा दाखला असतो. पाठीच्या जाड भागावर बोट दाबून उचलावे. मांस तत्काळ पूर्ववत वर आले, तर मासळी कसदार, खळगा तसाच राहिला तर नाही. पापलेटाची परीक्षा या बायका आणखी एका रीतीने करून दाखवतात. कल्ल्यापाशी अंगठ्याने दाबले असता पांढरट द्रव बाहेर आला, तर ते पापलेट ताजे आणि तांबूस पाणी आले तर शिळे, असा येथला दस्तूर आहे. ‘‘हात लावून बघ ना बाय, मग बोल,’’ असे म्हणणाऱ्या मावशीचा माल बहुधा चांगला असतो. जिला आपण कल्ला उघडलेला खपत नाही, तिच्याकडे न रेंगाळणे बरे. कोलंबीचे डोके धडाला घट्ट हवे, शिंपल्यांची तोंडे मिटलेली हवीत व चिंबोरी हातात घेतली असता आकाराच्या मानाने जड लागली पाहिजे.

बोंबलाची गोष्ट निराळी आहे, आणि या किनाऱ्यावर बोंबलाविषयी दोन शब्द अधिक बोलणे हा त्याचा हक्कच आहे. त्याच्या देहात जवळजवळ सारे पाणीच असते. हाडे मऊ, मांस लुसलुशीत, त्यामुळे बोट दाबून पाहण्याची कसोटी येथे निरुपयोगी ठरते. त्याची लकाकी पाहावी, जबड्याकडचा गुलाबी रंग पाहावा आणि अखंड पोट पाहावे. पोट फुटलेला बोंबील कितीही स्वस्त मिळाला तरी महागच. घरी आणल्यावर त्याचा मधला काटा काढून, उघडा करून, मीठ लावून, दोन फळ्यांमध्ये ठेवून वर पाट्याचे किंवा पाण्याने भरलेल्या पातेल्याचे वजन द्यावे लागते. तासाभराने खाली साचलेले पाणी पाहिले म्हणजे तव्यावर बोंबील का विरघळतो, या प्रश्नाचा निवाडा आपोआप होतो. मग हळद, तिखट, लसणाचे वाटण व चिंचेचा कोळ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तो तळला असता बाहेरून खरपूस आणि आतून लोण्यासारखा होतो. जो बोंबील विकला जात नाही, तो बांबूच्या दांडीवर जोडीजोडीने लटकावून वाळवतात. हिवाळ्यातली ही वाळवण म्हणजेच पावसाळ्याची बेगमी.

आता बर्फाविषयी. शहरी लोकांची अशी दृढ समजूत आहे, की ‘ताजी’ ती उत्तम आणि ‘गोठवलेली’ ती नाइलाजाची. मला हा भेद मान्य नाही. मासळी ज्या घटकेला पाण्याबाहेर येते त्या घटकेपासून तिची मुदत सुरू होते आणि त्या मुदतीचा हिशेब ऊन व बर्फ यांच्या हातात असतो. जाळ्यातून काढल्याबरोबर बर्फात घातलेली आणि दुसऱ्या दिवशी विकलेली सुरमई, आज सकाळी उतरून दुपारपर्यंत उन्हात राहिलेल्या सुरमईपेक्षा निःसंशय सरस असते. बांगडा व कुपा या जातींत तर हयगय झाली, की मांसात हिस्टमिन नावाचे द्रव्य तयार होते. अंगावर पुरळ उठवणारे ते द्रव्य शिजवूनही नाहीसे होत नाही. गोठवणुकीचेही तसेच. अतिशय कमी तापमानाला झपाट्याने गोठवलेल्या मासळीत बर्फाचे कण बारीक राहतात. घरच्या शीतकपाटात सावकाश गोठवली, तर ते मोठे होऊन मांसाच्या पेशी फाडतात आणि वितळताना सारा रस ताटात उतरतो. म्हणून बोईसरच्या दुकानातले पाकीट घेताना आत सुटे हिमकण व गोठलेले पाणी दिसले, तर ते पाकीट वाटेत एकदा वितळले होते असे समजून परत ठेवावे. उत्तम पाकीट उणे 18 अंशांवर ठेवलेले असते. ते आदल्या रात्री शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात आणून ठेवावे, गरम पाण्यात बुडवून घाई करू नये आणि एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नये.

हे सारे ध्यानात घेतले म्हणजे स्वयंपाकाचा क्रम उलटा करावा लागतो. घरून ‘आज पापलेटाचे कालवण’ असा बेत करून निघालेला मनुष्य पापलेट जसे मिळेल तसे घेतो आणि मग मसाल्याच्या आड त्याचे वय लपवतो. मासळी पाहून बेत ठरवावा. अगदी ताजी असेल तर तिला कमी मसाला, थोडी हळद, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची व कैरीची फोड पुरेशी. बर्फातली, पण निरोगी असेल, तर लाल तिखट, चिंच आणि दाट वाटण. चिंच-कोकमाचा वापर केवळ जिभेसाठी नाही. समुद्रातल्या मासळीच्या अंगचे एक द्रव्य मेल्यानंतर मोडून उग्र वास देणारे अमाइन तयार होते आणि आंबट पदार्थ त्या अमाइनला बांधून ठेवतात. आपल्या आज्यांनी प्रयोगशाळेविना लावलेला हा शोध आहे. कालवणाला उकळी आल्यावर तुकड्या सोडाव्या, पळीने ढवळू नये. टोपाच्या कडा दोन फडक्यांनी धरून अलगद हलवावा. मासळीचे मांस लवकर शिजते. काट्यापासून ते सुटू लागले, की आच बंद करावी. ‘अजून थोडे’ हा शब्द मटणाला शोभतो.

जून-जुलैत यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची मनाई असते, त्या दोन महिन्यांत ताज्या पापलेटाची ग्वाही देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. खाडीची मासळी, लहान होड्यांचा थोडका माल आणि हिवाळ्यात वाळवलेले बोंबील तेवढे त्या दिवसांत खात्रीचे. बाकीचे बर्फातले असते, तेव्हा ते बर्फातले म्हणूनच मागावे आणि भावही त्याच मालाचा द्यावा.