जिथे जिथे दुखणं, तिथे तिथे इजा?

आजचा विषय तसा घरगुती आहे. आयुष्यभर धावणाऱ्या माणसाने दुखण्याखुपण्याचं करायचं काय? दांडीच्या किनाऱ्यावर धावणारे आम्ही काही जण सत्तरी ओलांडलेले आहोत, त्यामुळे प्रश्न रोजचाच.

गुडघा दुखला की दोन सल्ले मिळतात. पहिला, 'आता वय झालं, सोडा धावणं.' दुसरा, 'दुखलं तरी थांबायचं नाही.' दुसऱ्यासाठी बारामतीच्या लता करे यांचं उदाहरण देतात. त्या नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या, हे खरंच. पण त्या नवऱ्याच्या उपचारांसाठी धावल्या. ती निकड होती. निकडीचा नियम रोजच्या धावण्याला लावता येत नाही.

आता तर्काकडे येऊ. न्यायदर्शनात प्रसिद्ध उदाहरण आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान टिकतं, कारण जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी. याला व्याप्ती म्हणतात. व्याप्ती तुटली की अनुमान फसतं. दुखणं आणि इजा यांच्यात अशी व्याप्ती आहे का? नाही.

सवय नसताना जास्त धावलं, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, जिना उतरवत नाही. काही दिवसांत ते आपोआप जातं. दुखणं आहे, पण काळजीची इजा नाही. उलट टाचेमागची जाड शीर, जिला अकिलिस टेंडन म्हणतात, ती बिघडू लागली की सकाळी आखडते, धावून अंग गरम झालं की मोकळी वाटते. माणूस म्हणतो, 'धावलं की बरं वाटतं बघा!' आणि दुसऱ्या सकाळी ती पुन्हा आखडलेली. म्हणजे दुखणं कमी झालं, इजा तशीच आहे.

म्हणून एकट्या दुखण्यावर निकाल द्यायचा नाही. आणखी तीन साक्षीदार बोलवायचे. पहिला, जागा. दोन्ही पायांचे स्नायू सरसकट दुखत असतील तर बहुधा थकवा. हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखत असेल तर धावणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा, हाडाला बारीक चीर असू शकते. दुसरा, काळ. सौम्य दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वपदावर आलं तर ठीक, वाढलं तर कालचा भार जास्त झाला. तिसरा, चाल. लंगडायला लागलो की त्या दिवसाचं धावणं संपलं, कारण आता दुसऱ्या पायावर भलताच भार पडतो.

कारणही शोधावं लागतं. आपला किनारा समुद्राकडे उतरता आहे. उत्तरेकडे धावताना डावा पाय खालच्या अंगाला पडतो, परतताना उजवा. म्हणून जेवढं जायचं तेवढंच त्याच वाटेने परत यायचं. कोरड्या वाळूत टाच रुतते आणि पोटरीवर ताण येतो, ओहोटीची ओली, घट्ट वाळू बरी. पण ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, आपलं घड्याळ नाही. ज्या दिवशी वेळ जुळणार नाही, त्या दिवशी चालावं.

आणि आराम किती? १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी आराम, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र मांडलं. पुढे त्यांनीच म्हटलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी बरं होणं लांबू शकतं. साध्या दुखापतीत दोन-तीन दिवस सांभाळून मग हळूहळू भार द्यावा: आधी चालणं, टाचा उचलण्याचा व्यायाम, मग धावणं.

एक अपवाद मात्र पक्का. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर, भलती धाप, असं काही झालं तर साक्षीदार बोलवत बसायचं नाही. तिथल्या तिथे थांबायचं आणि थेट दवाखाना गाठायचा.

ग्रीक-रोमन परंपरेतला एपिक्टेटस पायाने अधू होता. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे आधी वेगळं करा, ही त्याची मुख्य शिकवण. सत्तरीत वेग आपल्या हातात राहत नाही. दुखण्याला घाबरून पळायचं, त्याला दडपायचं, की त्याचं नीट ऐकायचं, एवढं मात्र आपल्याच हातात आहे. ऐकणारा माणूस बहुधा जास्त वर्षं धावतो.

आता आपले प्रश्न घेऊ.