जुनी लेन्स उघडताना

खापरखेड्यात राहणाऱ्या माणसाला धुळीची ओळख करून द्यावी लागत नाही. इथे औष्णिक वीज केंद्र आहे, आसपास कोळशाच्या खाणी आहेत. २१० मेगावॅटचे चार संच आधी होते. २०११ साली ५०० मेगावॅटचा पाचवा संच आला आणि केंद्राची क्षमता १३४० मेगावॅट झाली. एवढा कोळसा जळणार म्हटल्यावर राख आलीच. संध्याकाळी पुसलेल्या खिडकीच्या चौकटीवरून सकाळी बोट फिरवावं, बोट काळं होतं. अशा गावात जुन्या कॅमेऱ्याची लेन्स कशी साफ करावी, ती घरी उघडावी का, आणि उघडलीच तर काय पथ्य पाळावं, याबद्दल आज थोडं बोलू.

तुम्ही म्हणाल, फिल्मचा कॅमेरा आता वापरतो कोण? कॅमेरा कमी वापरला जातो हे खरं, पण त्याची लेन्स पुन्हा कामाला लागली आहे. एक साधी धातूची कडी मध्ये बसवली की चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची लेन्स आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर चालते. त्यामुळे कपाटाच्या वरच्या फळीवर पडलेली चामडी पेटी नातवंडं खाली काढू लागली आहेत. अडचण एवढीच, की हे काम करणारे जुने कारागीर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले. मग घरचाच स्क्रूड्रायव्हर बाहेर येतो.

उदाहरणासाठी रशियन बनावटीच्या झेनिट कॅमेऱ्यावर येणारी हेलिओस-४४-२ ही लेन्स घेऊ. हिचं फोकल अंतर ५८ मिलिमीटर. जर्मनीतल्या झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सवरून ही बेतलेली आहे. आत सहा काचा आहेत, पण त्यांचे गट चार. पुढे एक सुटी काच, तिच्यामागे एकमेकींना चिकटवलेल्या दोन काचा, मग प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या पात्यांचा पडदा, त्यामागे पुन्हा चिकटवलेली जोडी आणि शेवटी एक सुटी काच. या रचनेची स्क्रूची लेन्स कॅमेऱ्यात ४२ मिलिमीटरच्या आट्यांनी फिरवून बसवतात. एवढा नकाशा डोक्यात असला की निम्मी भीती जाते.

उघडण्याआधी तपासणी करायची. पाती पूर्ण उघडी ठेवून, अंधाऱ्या खोलीत लेन्सच्या एका बाजूने छोट्या बॅटरीचा उजेड तिरपा टाकावा आणि दुसऱ्या बाजूने पाहावं. सूर्याकडे धरून मात्र कधीही पाहू नये. लेन्समधून आलेलं ऊन डोळा जाळतं. या तपासणीत चार गोष्टी दिसू शकतात. सुटे कण दिसले तर ती धूळ. दुधाळ पडदा दिसला तर बहुधा ग्रीसच्या तेलाची वाफ काचेवर बसलेली असते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. आणि काचेच्या कडेला इंद्रधनुष्यी डाग किंवा बुडबुडे दिसले, तर चिकटवलेल्या जोडीचा डिंक सुटू लागला आहे.

यातली धूळ बहुतेक वेळा तशीच राहू द्यावी. आतल्या दहा-वीस कणांनी फोटोत काही फरक पडत नाही. डिंक सुटला असेल तर घरी हात लावू नये. जुन्या काळी या जोड्या कॅनडा बाल्सम नावाच्या झाडाच्या डिंकाने चिकटवत. त्या सोडवून पुन्हा केंद्र जुळवून चिकटवणं हे कारखान्यातलं काम आहे. उरली दुधाळ वाफ आणि बुरशी. लेन्स उघडायची ती या दोन कारणांसाठी.

आमच्या वसाहतीतल्या एका मुलीने मागच्या पावसाळ्यानंतर वडिलांचा झेनिट माझ्याकडे आणला. वडील वीज केंद्रात होते, आता नाहीत. त्यांनी घरच्यांचे सगळे फोटो याच लेन्समधून काढलेले. तिला त्याच लेन्समधून आपल्या लेकीचा फोटो काढायचा होता. "काका, उघडल्यावर आणखी बिघडणार तर नाही ना?" एवढंच तिने विचारलं. बॅटरी लावून पाहिलं तर आत बुरशीचं जाळं. तिला खरं ते सांगितलं: बुरशी निघेल, पण तिने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो डाग राहील.

हा लेप म्हणजे काय? काचेवरून प्रकाश परत फिरू नये म्हणून तिच्यावर मॅग्नेशियम फ्लोराइडसारख्या पदार्थाचा अतिशय पातळ थर चढवतात. ही युक्ती झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधली. थराची जाडी साधारण शंभर नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या पाचशेव्या भागाहूनही कमी. बुरशी बोटांचे ठसे, ग्रीस, धूळ यांवर जगते आणि आम्ल सोडते. ते आम्ल आधी हा लेप आणि मग काच खातं. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की तिचं फावतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, ग्रीस पातळ होऊन आत पसरतं. पाठोपाठ जुलै-ऑगस्टची दमट हवा येते. आधी जेवण वाढायचं आणि मग पाहुणा बोलवायचा, तसला हा प्रकार.

आता राखेकडे येऊ. आपल्या आज्या चुलीच्या राखेने भांडी घासायच्या आणि ती लखलखायची. का? कारण राख घासते. वीज केंद्राच्या राखेत तर सिलिका आणि अ‍ॅल्युमिना भरपूर. असा एक कण काचेवर असताना त्यावरून रुमाल फिरवला, की तो शंभर नॅनोमीटरचा लेप किती टिकेल? जुन्या लेन्सवरचे बारीक ओरखडे तपासले तर त्यातले बरेचसे शर्टाच्या टोकाने केलेल्या 'सफाई'चे निघतात. म्हणून नियम असा: पुसणं हे सगळ्यात शेवटचं काम. आधी रबरी फुग्याने हवा मारायची, लेन्स उलटी धरून, म्हणजे कण खाली पडतात. मग मऊ ब्रश. त्यानंतरच ओला स्पर्श. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे शिंतोडे उडतात.

अवजारं फार लागत नाहीत. चांगल्या पोलादाचे बारीक स्क्रूड्रायव्हर, दोन टोकांचा लेन्सचा पाना, नावाच्या कडीवर दाबून फिरवायला रबराचं बूच, आयसोप्रोपिल अल्कोहोल, लेन्स पुसायचा कागद. जपानी लेन्स असेल तर तिच्या चौफुली स्क्रूंना जपानी मापाचाच स्क्रूड्रायव्हर घ्यावा; नेहमीचा नीट बसत नाही आणि स्क्रूचं डोकं खातो. शिवाय स्वयंपाकघरातून इडलीपात्राची एक थाळी मागून घ्यावी. काढलेला प्रत्येक भाग क्रमाने एकेका खळग्यात ठेवायचा. जोडताना उलट्या क्रमाने यायचं. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो घ्यावा. टेबलावर पांढरी चादर, पंखा बंद, खिडकी बंद.

पुढची नावाची कडी रबराच्या बुचाने डावीकडे फिरवली की सुटते. जड गेली तर जोर करू नये. कडेला अल्कोहोलचा एक थेंब सोडून दहा मिनिटं थांबावं. पाना वापरताना त्याची टोकं खाचेत पक्की बसली आहेत ना, हे दोनदा पाहावं, कारण टोक निसटलं की थेट काचेवर ओरखडा. काच बाहेर काढण्याआधी तिची फुगीर बाजू कुठे आहे ते लिहून ठेवावं आणि कडेवर पेन्सिलीने बाण काढावा. काच उलटी बसली तर लेन्स दिसायला ठीक दिसते, फोटो मात्र धूसर येतो. पुढचा आणि मागचा गट काढला की पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या काचा हाताशी येतात. बुरशी आणि वाफ बहुधा तिथेच असते. पडद्याची पाती सुटी करू नयेत. फोकसचे आटेही उघडू नयेत. ते अनेक तोंडांचे असतात, चुकीच्या तोंडात बसले की दूरचं काही स्पष्ट दिसत नाही.

दुधाळ वाफ अल्कोहोलने जाते. कागदाची टोकदार गुंडाळी ओलसर करायची, थबथबलेली नको, आणि मध्यापासून कडेकडे गोल फिरवायची. प्रत्येक फेरीला नवा कागद. चिकटवलेली जोडी द्रवात बुडवू नये आणि अ‍ॅसिटोन तर जवळही आणू नये. बुरशीसाठी तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया समप्रमाणात, लागेल तेवढंच कालवावं, हवेशीर जागी. सुट्या काचेवर दोन-चार मिनिटं फिरवून शुद्ध पाण्याने पुसावं. हे मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नये, वायूने बाटली फुटू शकते. कपड्यांच्या ब्लीचमध्ये अमोनिया मिसळू नये. विषारी वायू होतो.

जोडून झाल्यावर फोकस तपासायला आपल्याला शोधाशोध करावी लागत नाही. वीज केंद्राच्या उंच चिमण्या कोसभरावरून दिसतात. फोकसची कडी अनंताच्या खुणेवर ठेवायची; चिमणीची कड रेखीव दिसली की लेन्स जागेवर बसली. त्या मुलीच्या लेन्समध्ये कडेला बुरशीचा एक फिकट ठसा राहिला. उजेडाकडे तोंड करून काढलेल्या फोटोत थोडी चमक येते. एरवी लेकीच्या पापण्याही मोजून घ्याव्यात इतकं स्पष्ट येतं.

आता पुढची काळजी. लेन्स चामडी पेटीत ठेवू नये. चामडं ओल धरून ठेवतं. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. पुडीतल्या खड्यांचा रंग बदलला की ते गरम करून सुकवावेत. आणि आठवड्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढून वापरावी. बंद कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये बुरशीला निवांतपणा मिळतो. वापरातल्या लेन्सला हवा मिळते, उजेड मिळतो, आणि काही बिघडू लागलं तर ते वेळेवर लक्षातही येतं.